तोफ, मास्तर आणि मामंजी

आमच्या बहरीनच्या घरात दर शुक्रवारी बेसबॉलवरून भांडण व्हायचं, असं मी पुण्यात सांगितलं की समोरचा माणूस जरा थांबतो आणि विचारतो, “क्रिकेटवरून म्हणायचंय का तुम्हाला?” नाही हो. बेसबॉलवरूनच. तो अमेरिकेतला. ज्यात बॉल टप्पा न पडता सरळ अंगावर येतो आणि बॅट म्हणजे धुणं बडवायची मोगरी असते, तो. शुक्रवार ही आठवड्याची एकुलती एक सुट्टी, मी सकाळपासून ओट्याशी, आणि बाहेर हॉलमध्ये दोन बाप्ये एकमेकांवर ओरडतायत की आजच्या घडीला सगळ्यात भारी पिचर कोण! पिचर म्हणजे बॉल टाकणारा. आपला बोलर म्हणा. मला मेलं त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण इतकी वर्षं कानावर पडून आता माझंही एक मत आहे. ते मी कुणाला सांगत नाही.

भांडणारे दोघं. एक आमचे हे. मनामात, बहरीनच्या राजधानीत, एका अमेरिकन ड्रिलिंग कंपनीच्या ऑफिसात अकाउंट्स बघायचे. दुसरे वसईचे भावोजी. भावोजी म्हणजे माझे सख्खे कुणी नव्हेत. ते कॅथलिक, आम्ही पुण्याचे, आणि ओळख झाली ती मनामातच गुदैबियाला एकाच बिल्डिंगमध्ये वरखाली राहायला आलो म्हणून. पण परक्या मुलुखात नातं जमायला वेळ लागत नाही. ते एका मोठ्या हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला होते आणि त्यांची बायको हॉस्पिटलात नर्स होती. शुक्रवारी सकाळी चर्च आटोपलं की भावोजी साफी मासळीचं कालवण घेऊन आमच्याकडे हजर. तिची शिफ्ट असली की एकटेच. दारातूनच सुरुवात व्हायची, “काय म्हणतेय तुमची तोफ?”

तोफ हा ह्यांचा पिचर. उंच, तरुण, भयंकर वेगाचा. भावोजींचा होता मास्तर. वय झालेला, पोट सुटलेला, आणि बॉल इतका हळू टाकायचा की म्हणे समोरचा मोगरी फिरवून मोकळा झाल्यावर बॉल येऊन पोचायचा. त्यांची खरी नावं मला तेव्हाही उच्चारता येत नव्हती. हे म्हणायचे, “वेग बघा हो, वेग!” भावोजी म्हणायचे, “वेग ट्रकलाही असतो. ट्रकला काय हार घालायचे?” मग हे उठून उभे राहायचे. उभे राहिले म्हणजे समजायचं, आता जेवण गार होणार.

गंमत म्हणजे तोवर दोघांनी एकही मॅच धड पाहिलेली नव्हती. ह्यांना जे कळायचं ते ऑफिसात शनिवारी सकाळी, साहेबाच्या तोंडून. भावोजींना कळायचं ते हॉटेलात उतरलेले अमेरिकन खोलीत वर्तमानपत्रं टाकून जायचे त्यातून. एवढ्या भांडवलावर हे दोघं जगातल्या पिचरांचा निकाल लावत होते. मी एकदा म्हटलं, “अहो, बघितला नाही त्या माणसासाठी घसा कशाला फोडताय? भांडायचंच तर क्रिकेटवर भांडा की.” भावोजींनी वर्तमानपत्रात डोकं खुपसलं. हे उठून बाथरूममध्ये निघून गेले. तेव्हा मला माझीच जीभ चावावीशी वाटली, कारण आमच्या घरात क्रिकेट काढायचं नसे. ते का, ते सांगते.

माझे सासरे, मामंजी, पुण्यात शाळेत गणित शिकवत आणि संध्याकाळी क्लबच्या मैदानावर पोरांना बोलिंग शिकवत. गणित पोटासाठी, बोलिंग जिवासाठी. आमचे हे त्यांचे एकुलते एक. ह्यांना चालायला यायच्या आधी हातात बॉल दिला होता म्हणतात. ह्यांचा लेगस्पिन चांगला होता, मी लग्नाआधी पाहिलाय. पण चांगला आणि निवड होण्याइतका चांगला यात फरक असतो, आणि तो फरक मामंजी सोडून सगळ्या पुण्याला दिसत होता. दरवर्षी ह्यांचं नाव राखीव खेळाडूंत यायचं. मामंजी म्हणायचे, पुढच्या वर्षी. असं करता करता लग्न झालं, मला दिवस गेले, आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटाला बहरीनचा व्हिसा आला, नेमका निवड चाचणीच्या तोंडावर. मामंजी म्हणाले, “चाचणी होऊ दे, मग जा.” व्हिसा थांबणार नव्हता. ह्यांनी तिकीट काढलं.

मामंजी निरोप द्यायला दारापर्यंतसुद्धा आले नाहीत. सासूबाईंकरवी निरोप आला, “मैदान सोडून जाणाऱ्याशी मला बोलायचं नाही.” आम्हाला वाटलं, रागाच्या भरात बोलले, महिन्याभरात निवळेल. कसलं निवळतंय! माणूस हट्टी, शब्दाचा पक्का. आम्ही लीव्हवर पुण्याला गेलो की माझ्याशी बोलायचे, नातीला मांडीवर घ्यायचे, आणि समोर बसलेल्या मुलाकडे न बघता मला म्हणायचे, “त्याला विचार, भात वाढू का?” मला वाटायचं, घ्यावं ते पातेलं आणि आपटावं दोघांच्या मधोमध. हे मात्र खाली मान घालून म्हणायचे, “थोडा चालेल.” एवढा मोठा बाप्या, बहरीनमध्ये चारचौघांत आवाज चढवून बोलणारा, आणि त्या घरात शाळेतल्या पोरासारखा व्हायचा. मला ते बघवत नसे. ह्यांना बाकी काही नको होतं. बाबांनी एकदा आपल्याशी बोलावं, एवढंच हवं होतं.

तेव्हा आखातातली सगळी माणसं घरी कॅसेट पाठवायची. फोन लावायचा तर तासन् तास ताटकळायचं, आणि पत्रात लिहून लिहून काय लिहिणार? त्यापेक्षा टू-इन-वनसमोर बसायचं, लाल बटण दाबायचं, बोलायचं, आणि कुणी गावी निघालं की त्याच्या हाती दुधाच्या पावडरीच्या डब्याबरोबर कॅसेट द्यायची. प्रत्येक बिल्डिंगमध्ये महिन्यातून कुणी ना कुणी निघालेलं असायचंच. आमची कॅसेट ठरलेली असे. हे खुर्चीत ताठ बसत, घसा साफ करत आणि भाषण द्यावं तसं सुरू करत, “तीर्थरूप आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार. आम्ही सर्व येथे खुशाल आहोत.” मग हवा, पोरीची शाळा, माझी तब्येत. पुण्याला सासूबाई ती लावायच्या आणि मामंजी उठून आतल्या खोलीत जायचे. हे ह्यांना ठाऊक होतं. तरी प्रत्येक वेळी ‘आणि बाबांना’ म्हणताना ह्यांचा आवाज जरा थांबायचा.

एका शुक्रवारी पलीकडच्या बिल्डिंगमधले एक पुण्याचे गृहस्थ संध्याकाळच्या विमानाने निघायचे होते. हे सकाळी कॅसेट भरायला बसले. साष्टांग नमस्कार झाला, हवापाणी झालं, आणि तेवढ्यात भावोजी दारात, हातात कालवणाचा डबा, बगलेत वर्तमानपत्र. मास्तरने म्हणे आदल्या आठवड्यात कुणाला तरी पार रडवलं होतं. झालं! हे जे उठले ते लाल बटण विसरूनच. मग जुंपली ती जुंपलीच. भावोजींनी टेबलावर थापा मारल्या, ह्यांनी मास्तरला ‘म्हातारं खोड’ म्हटलं, मी मधून दोनदा ओरडले की पानं वाढलीयत. कॅसेट संपली तेव्हा बटण आपलं आपण टक्कन उडालं, तेही कुणाला ऐकू गेलं नाही. दुपारी ते गृहस्थ घाईघाईत आले, “द्या काय द्यायचंय ते, यल्ला, लवकर, टॅक्सी खाली उभी आहे,” आणि कॅसेट घेऊन गेले.

उत्तर आलं ते तीनेक आठवड्यांनी. आम्ही तिघं आणि भावोजी ऐकायला बसलो. आधी सासूबाई. “अरे, कसली रे कॅसेट पाठवलीस? सुरुवातीला नीट बोललास, मग एकदम मारामारी! मला वाटलं कुणी घरात शिरलं. ते गृहस्थ कोण ओरडतायत? आणि ऐक. हे आत दाढी करत होते. दार अर्धं लोटलेलं. तू काय बोललास कुणास ठाऊक, हे तोंडाला फेस तसाच घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, परत लाव. मी म्हटलं, काय लाव? म्हणाले, मागे घे, तो गुगलीचं काय म्हणाला ते परत लाव.”

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. कारण भांडणाच्या भरात हे म्हणाले होते, की तोफेचा वळणारा बॉल म्हणजे आपला गुगलीच, आणि गुगली बोटांनी सोडतात, ‘माझ्या बाबांनी शिकवलंय मला’. बाबांनी असलं काही शिकवलं नव्हतं. भावोजींचं तोंड बंद करायला ह्यांनी बापाच्या नावावर एक थाप ठोकून दिली होती.

कॅसेटमध्ये खरखर झाली, खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मामंजींचा आवाज सुरू झाला. इतक्या वर्षांत प्रथमच. “वसईच्या गृहस्थांस नमस्कार. आपली ओळख नाही. पण आपल्या मित्राने माझ्या नावावर जे खपवलं, ते चूक आहे, हे आपल्याला कळावं म्हणून बोलतो. गुगली मनगटातून निघतो. मनगटातून! बोटांनी गुगली टाकणारा अजून जन्मायचाय. त्या गाढवाला हे मी दहा वर्षं शिकवलं. त्याला सांगा, माझं नाव घ्यायचं तर नीट घे. बाकी, आपण त्या वयस्कर बोलरची बाजू घेता ते मला पटलं. वेग दैवाने मिळतो. हळू टाकून फसवायला डोकं लागतं. त्याचा बॉल टप्पा न पडता वळतो कसा, ते मात्र सविस्तर कळवावं.”

भावोजी छातीवर क्रूस करून म्हणाले, “अरे देवा, मला नमस्कार केला!” मी ह्यांच्याकडे बघत होते. हे हसत होते आणि डोळे पुसत होते. “गाढव म्हणाले,” एवढंच दोनदा म्हणाले. मग टू-इन-वन जवळ ओढून ती कॅसेट मागे घेतली आणि पुन्हा लावली.

तिथून जे सुरू झालं ते दोन वर्षं चाललं. दर महिन्या-दीड महिन्याला कॅसेट इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. भावोजी वर्तमानपत्रांतून दोन्ही पिचरांचे फोटो कापून पाठवायचे. मामंजी भिंग लावून त्यांची बोटं तपासायचे आणि कळवायचे, मास्तरची पकड कशी शहाण्या माणसाची आहे, आणि तोफ कसा बॉल दाबून धरतोय, दोन वर्षांत खांदा जाईल त्याचा. टप्पा न पडता वळवायचं त्यांनी क्लबवर स्वतः करून पाहिलं, दंड धरला, आणि आठवडाभर सासूबाई तेल चोळत बसल्या. म्हातारपणी त्यांना हा नवा छंद लागला होता. सासूबाई म्हणायच्या, “आता कॅसेट आली की माझ्या आधी हेच बटण दाबतात.”

पण एकही शब्द ह्यांना उद्देशून नसे. सगळं ‘वसईच्या गृहस्थांस’. ह्यांचा उल्लेख आला तर ‘आपला मित्र’. आपल्या मित्राला सांगा, आपल्या मित्राची समजूत चुकीची आहे, आपला मित्र वेगाला भुलतो, हा त्याचा जुना दोष आहे. हे ऑफिसातून आले की बूट न काढता ती कॅसेट लावायचे. आपल्यासाठी नसलेली कॅसेट! मग त्यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर तयार करायचे आणि शुक्रवारी भावोजींच्या तोंडून ते पाठवायचे. भावोजी बिचारे दुसऱ्या पक्षाचे. तरी टेपसमोर बसून इमानाने सांगायचे, “काका, तुमचा मुलगा म्हणतो की तोफेचा खांदा अजून शाबूत आहे.”

एकदा माझं डोकं फिरलं. भावोजी बोलत असताना मी पदर खोचून बाहेर आले आणि टू-इन-वनच्या तोंडाशी वाकून ओरडले, “बाबा, तुमचा मुलगा हा इथे हाताच्या अंतरावर बसलाय! त्याच्याशी बोला की सरळ! किती दिवस त्याला असं छळणार आहात?” ह्यांनी झटकन बटण बंद केलं. मी म्हटलं, “जाऊ दे तसंच. ऐकू दे त्यांना.” तर हे अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, “नको गं. चिडतील. हेही बंद होईल. मिळतंय तेवढं मिळू दे.” आणि टेप मागे घेऊन माझ्या आवाजावर त्यांनी भावोजींचा मास्तर भरला. मला इतका राग आला होता की त्या दिवशी मी कुणाशी बोलले नाही. राग मामंजींचा होता, निघाला ह्यांच्यावर.

मग एका वर्षी सासूबाईंनी धोशा लावला की नात इंग्रजीत बोलायला लागलीय, ती आम्हाला ओळखेनाशी होण्याआधी आम्हाला तिकडे बोलवा. मामंजी येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. पण भावोजींनी कॅसेटमध्ये एक पुडी सोडली की आता आमच्याकडे टीव्हीवर मॅच दिसते. ते खरंच होतं. समुद्रापलीकडे सौदीत अमेरिकन लोकांच्या वसाहतीचं टीव्ही स्टेशन होतं, आणि गच्चीवरची अँटेना नीट तिकडे वळवली की मनामात दिसायचं. उन्हाळ्यात हवा दमट झाली की तर लख्ख. मॅचेस शिळ्या असायच्या, पण चालत्याबोलत्या. पुढच्या कॅसेटमध्ये मामंजींनी कळवलं, “त्या दोन बोलरांना प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज वाद मिटणार नाही. येतो.”

आले. ऐन ऑगस्टात, चष्म्यावर वाफ धरत मुहर्रकच्या विमानतळाबाहेर आले आणि सरळ भावोजींचा हात हातात घेतला. “आपणच का ते?” ह्यांनी वाकून नमस्कार केला. मामंजींनी डोक्यावर हात ठेवला, न ठेवल्यासारखा, आणि मला म्हणाले, “सामान दोनच नग आहेत, त्याला सांग.” माझी उरलीसुरली आशा तिथेच मावळली.

पहिला आठवडा तसाच गेला. बुदैयाच्या रस्त्याला शेतं दाखवायला नेलं तर हे गाडी चालवतायत, मामंजी शेजारच्या सीटवर, आणि मागे वळून मला म्हणतात, “त्याला सांग, जरा सावकाश.” मी म्हटलं, “अहो, सावकाश.” हे म्हणाले, “बरं.” मागे सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. पोरगी मला विचारते, “ममा, आजोबांना डॅडीचं ऐकू येत नाही का?” मुलीला काय सांगायचं?

नंतरच्या शुक्रवारी दुपारी मॅच होती आणि तोफ टाकणार होता. सासूबाई, पोरगी आणि भावोजींची बायको जिदहफ्सच्या बाजारात गेल्या होत्या. घरात आम्ही चौघंच. चित्र इतकं स्वच्छ आलं होतं की बॉलची शिवण दिसत होती. मामंजी खुर्ची टीव्हीपासून वीतभर अंतरावर ओढून बसले. भावोजी एका बाजूला, हे दुसऱ्या बाजूला सतरंजीवर. मी स्वयंपाकघराच्या दारात, भजी तळता तळता.

सुरुवातीला तोफ छान टाकत होता. मामंजी प्रत्येक बॉलला भावोजींना सांगायचे, “बघा, पाय कुठे पडतोय बघा.” मग काय बिनसलं कुणास ठाऊक. एकाने मारलं, दुसऱ्याने मारलं, तिसऱ्याने थेट प्रेक्षकांत. ह्यांचा चेहरा उतरत चालला. भावोजींना जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तेही सतरंजीचे दोरे ओढत बसले. तेवढ्यात त्यांचा मॅनेजर, चांगला ढेरपोट्या, मैदानात चालत आला. नुसता हात पुढे केला. तोफेने बॉल त्याच्या तळहातावर ठेवला आणि खाली मान घालून चालू लागला.

“हे काय? कुठे निघाला तो?” मामंजी म्हणाले.

त्यांनी भावोजींकडे बघितलं. भावोजी उठले. “मी जरा अँटेना बघून येतो वर,” म्हणाले. एवढं लख्ख चित्र, आणि म्हणे अँटेना! माझ्याकडे एक नजर टाकून ते चपला घालून गेलेसुद्धा. मग मामंजी माझ्याकडे वळले. “अगं, त्याला विचार—”

“मला त्या खेळातलं काही कळत नाही, बाबा,” मी म्हटलं आणि आत गेले. गॅस बंद केला. दार मात्र लोटलं नाही.

टीव्हीवर प्रेक्षकांचा गलका चालला होता. मग मामंजी म्हणाले, “कुठे निघाला रे तो?”

“काढलं त्याला, बाबा.”

“मग परत कधी देणार बॉल?”

“आता नाही देणार. ह्या खेळात एकदा काढला की त्या मॅचमध्ये परत घेत नाहीत.”

“घेत नाहीत? हा कसला नियम? अरे, माणूस आहे तो. थकतो, चुकतो. घटकाभर बाउंड्रीवर उभा करा, दम खाऊ दे, मग द्या परत. एवढ्यावरून कुणी माणसाला बाहेर काढतं का? मी नसता काढला.”

“मला काढलंत की, बाबा,” हे म्हणाले. आवाज चढला नव्हता. “मीही चुकलो असेन. पण इतकी वर्षं एक शब्द बोलला नाहीत माझ्याशी.”

मी ओट्याला धरून उभी होते. वाटलं, संपलं. आता उठतील आणि बॅग भरायला घेतील. टीव्हीवर नवा पिचर सराव करत होता, बॉल ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज येत होता.

“मला वाटलं होतं, महिन्याभरात परत येशील,” मामंजी म्हणाले. “रोज संध्याकाळी मैदानावरून येताना वाटायचं, घरी आला असेल. तू काही आला नाहीस. मग मला राग आला, आणि मग राग गेला तरी बोलायचं कसं ते कळेना. कुठून सुरू करायचं? ती कॅसेट आली त्यात तू ओरडत होतास. पूर्वी माझ्याशी भांडायचास तसा. मला वाटलं, पोरगा घरातच आहे.” मग म्हणाले, “कधी येणार आहेस?”

“इतक्यात नाही जमायचं, बाबा. पोरीची शाळा आहे. कॉन्ट्रॅक्ट आहे. अजून काही वर्षं तरी.”

“बरं,” मामंजी म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, “बरं.” त्या दुसऱ्या ‘बरं’ला मी तोंडात पदर कोंबला. म्हातारा माणूस केवढं मोठं काहीतरी सोडून देत होता, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हता.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी डोकावले. त्यांनी खुर्ची टीव्हीपासून मागे घेतली होती, ह्यांच्या शेजारी. “हा आत्ता आलाय तो कसा आहे?” ते म्हणाले. “डावरा दिसतो. सांग की मला. मला काय माहीत?”

ह्यांनी सांगायला सुरुवात केली. हळूहळू आवाज चढला. भावोजी गच्चीवरून घामाने निथळत खाली आले तेव्हा दोघं त्या डावऱ्यावरून कडाकडा भांडत होते. भावोजी दारातच उभे राहिले. मामंजींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “तुला काय कळतं, गाढवा,” ते ह्यांच्याकडे बोट नाचवत म्हणत होते, “तोंड मिटून नीट बघ आधी!” मी आत जाऊन मनसोक्त रडले, तोंड धुतलं, आणि सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवलं.